गणपतीच्या सुट्ट्या आणि धरणावरची गस्त: सीमाभागातील एका मच्छीमार सोसायटीचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातील मोठे जलाशय म्हटले की हिडकल आणि नवीलतीर्थ ही नावे आधी येतात. हे प्रकरण त्या दोन्हींपेक्षा लहान अशा सीमेलगतच्या एका जलाशयावरचे आहे. ओळख पटू नये म्हणून जलाशयाचे, गावांचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही.

जलाशयातील मासेमारीचा ठेका एका सहकारी मच्छीमार सोसायटीकडे आहे. सभासद बहुतेक भोई आणि कोळी कुटुंबांतले, घरात मराठी, बाजारात मराठी-कन्नड दोन्ही. दर पावसाळ्यात सोसायटी कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली विकत घेऊन पाण्यात सोडते. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पाऊस लागला की ते फुगवट्याच्या वरच्या टोकाला, जिथे नदी जलाशयात शिरते तिथे, वाहत्या पाण्याच्या ओढीने चढतात. म्हणजे जुलै ते सप्टेंबर या काळात मोठे मासे नदीच्या तोंडाशी गोळा झालेले असतात आणि नुकतीच सोडलेली बोटभर पिल्ले काठच्या उथळ पाण्यात असतात. बारीक आसाचे, म्हणजे बारीक छिद्रांचे, जाळे या दोन ठिकाणी एक रात्र लागले तरी पुढच्या वर्षीचा माल जातो.

म्हणून सोसायटी गस्त ठेवते. दोन फायबरच्या नावा आहेत: मोठी २५ अश्वशक्तीच्या आऊटबोर्ड मशीनची, धाकटी ८ अश्वशक्तीची. दोन्ही मशीन टू-स्ट्रोक. पगारी माणसे अकरा, त्यांतले तिघेच मशीन चालवणारे नावाडी. बाकीचे पहारेकरी.

रोजची गरज अशी: रात्री मोठ्या नावेत तिघे (एक नावाडी, दोन पहारेकरी), धाकट्या नावेत दोघे, धक्क्यावर फोन आणि वही सांभाळायला एक, आणि दिवसा काठाने फिरायला दोघे. एकूण आठ.

सोसायटीच्या पहारेकऱ्यांना जाळे जप्त करण्याचा किंवा कुणाला धरण्याचा अधिकार नाही. १९९६ च्या कर्नाटक अंतर्गत मत्स्यव्यवसाय कायद्याखालची कारवाई खात्याचे अधिकारी किंवा पोलीस करतात. गस्तीचे काम दिसणे, नोंदवणे, फोटो काढणे आणि कळवणे एवढेच. तरीही गस्तीची नाव पाण्यावर आहे हे ठाऊक असले की जाळे टाकणारा दहादा विचार करतो.

अडचण

२०२४ मध्ये गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती. अकरापैकी नऊ जणांनी त्या आठवड्याची रजा मागितली. उरलेले दोघे मुसलमान, त्यांतला एक नावाडी. त्यांनी १६ सप्टेंबरच्या ईद-ए-मिलादची मागितली. अनंत चतुर्दशी, म्हणजे चौदस, १७ तारखेला होती.

संचालक मंडळाने सगळ्यांच्या रजा एकदम नाकारल्या. सभेत एका ज्येष्ठ पहारेकऱ्याने म्हटले होते, "रजा नको म्हणा की अध्यक्षसाहेब, पण नऊ जणांना एकदम नको म्हणू नका. घरात गौर यायची हाय." त्याकडे लक्ष दिले गेले नाही.

पुढे जे झाले ते अपेक्षितच होते. चतुर्थीच्या सकाळी चौघांनी आजारपण कळवले, त्यांत एक नावाडी. त्यांच्या जागी शेजारच्या गावातून चार पोरे रोजंदारीवर आणली. ९ तारखेच्या रात्री त्यांच्यापैकी एकाने मोठ्या मशीनच्या टाकीत नुसते पेट्रोल ओतले. या मशीनला दहा लिटर पेट्रोलमागे २०० मिली टू-टी तेल मिसळावे लागते, म्हणजे पन्नासाला एक. तेलाशिवाय पिस्टनला वंगण मिळत नाही. अर्ध्या तासात मशीन तापून जाम झाले आणि मोठी नाव वल्ह्याने ओढत धक्क्याला आणावी लागली.

१२ तारखेला गौरी-गणपतीचे विसर्जन. काठावर गर्दी होणार म्हणून तालुका प्रशासनाने सुरक्षेसाठी धाकटी नाव तोंडी मागितली, सोसायटीने तोंडीच दिली. संध्याकाळी निर्माल्याचे हार आणि एक साडी पंख्यात गुंडाळली गेली. नवख्या माणसाने मशीन बंद न करता तसेच रेटले, त्यामुळे शिअर पिन तुटली. ही पिन मुद्दाम मऊ धातूची असते. पंखा अडकला तर गिअरऐवजी ती तुटावी म्हणून. किंमत अगदी थोडी, पण पेटीत जादा पिन नव्हती आणि सणात दुकान बंद. १२ आणि १३ च्या रात्री पाण्यावर एकही नाव नव्हती. १४ ला पहाटे काठाने फिरणाऱ्याला नदीच्या तोंडाशी मच्छरदाणीसारखी जाळी सोडून गेलेली सापडली. त्यांत ऑगस्टमध्ये सोडलेली बोटुकली मरून पडली होती.

मूळ कुठे होते

सभेत दोष रोजंदारीच्या पोरांवर गेला. तो अन्यायच होता, कारण त्यांना कुणी काही शिकवलेच नव्हते. सोसायटीच्या सचिवांनी नंतर हजेरी वही आणि मागणीच्या नोंदी एकत्र ठेवून पाहिल्या, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या.

पहिली, हिशेब माणसांचा होत होता, नावाड्यांचा होत नव्हता. आठवड्याला आठ जागा गुणिले सात म्हणजे ५६ पाळ्या. अकरा माणसे, प्रत्येकी सहा दिवस, म्हणजे ६६. वरवर दहा पाळ्या शिल्लक, म्हणून मंडळाला वाटायचे की एकाला आठवडाभर सोडून आणखी थोडे आजारपणही निभते. पण नावाड्याच्या रोज दोन जागा, म्हणजे आठवड्याला १४. तीन नावाडी मिळून देतात १८. शिल्लक फक्त चार. एका नावाड्याची आठवडाभराची रजा सहा पाळ्या खाते. म्हणजे सण नसतानाही एकही नावाडी पूर्ण आठवडा सुट्टीवर जाऊ शकत नव्हता. आजवर ते निभले होते ते तिघांनी साप्ताहिक सुट्ट्या न घेता काम केले म्हणून. वहीत तसे उघड दिसत होते आणि कुणी ते मोजले नव्हते.

दुसरी गोष्ट, रजेचे दिवस आणि चोरट्या मासेमारीचे दिवस एकच आहेत. श्रावणात बहुतेक घरांत मासे-मटण बंद असते, त्यामुळे खप पडलेला असतो. श्रावण संपतो आणि चतुर्थीपाठोपाठ, दुसऱ्याच दिवशी, उंदरी येते. बेळगाव भागात उंदरीला घरोघरी तिखटाचे, म्हणजे मांसाहारी, जेवण होते. मटण परवडत नाही त्या घरात मासा येतो आणि भाव चढतो. शिवाय शुक्ल चतुर्थीला चंद्र साधारण साडेनऊच्या आसपास मावळतो, पुढे पहाटेपर्यंत काळोख. मागणी, काळोख आणि रिकामा धक्का, तिन्ही एका आठवड्यात.

तोलून पाहिलेले पर्याय

२०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती. एप्रिलमध्ये मंडळासमोर पाच मार्ग आले.

रजा पुन्हा बंद ठेवणे हा पहिला. तो लगेच सोडला. आजारपणाची चिठ्ठी सकाळी सातला येते आणि तिला पर्याय शोधायला वेळ राहत नाही. आधी दिलेली रजा निदान कागदावर दिसते.

सणापुरती धाकटी नाव बांधून ठेवायची आणि सगळी ताकद मोठीवर लावायची, हा दुसरा. खर्च वाचतो. पण धाकटी नाव उथळ फुगवट्यात जाते, मोठी जात नाही, आणि बोटुकली तर उथळातच असते. हा मार्ग पूर्ण न घेता अर्धा घेतला, तो पुढे येईल.

तिसरा मार्ग शेजारच्या जलाशयावरच्या सोसायटीकडून नावाडी उसने आणण्याचा. त्यांच्याकडेही गणपतीच असतात. शिवाय परका नावाडी या पाण्याखालचे खडक ओळखत नाही.

चौथा होता मुसलमान कर्मचाऱ्यांनी गणपतीत काम करायचे, बदल्यात हिंदू कर्मचाऱ्यांनी ईदला. माणसांची तयारी होती आणि इतर वर्षी हा सरळ, दोघांनाही मान देणारा तोडगा आहे. पण २०२३, २०२४ आणि २०२५ ही तिन्ही वर्षे ईद-ए-मिलाद अनंत चतुर्दशीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी आली. २०२५ मध्ये ५ सप्टेंबरला ईद, ६ ला चौदस. शेवटच्या दोन दिवशी दोघांनाही घरी जायचे होते. पहिल्या आठ दिवसांपुरती अदलाबदल चालली असती, पण दोन माणसांवर आठ दिवस टाकणे योग्य नव्हते. पंचांग आणि ईदचा अंदाज शेजारी न ठेवता असा शब्द दिला असता तर शेवटच्या क्षणी तो मोडावा लागला असता.

पाचवा मार्ग: रजा तुकड्यांत द्यायची, आणि त्याआधी बदली माणसे तयार करायची. हा महाग. बारा दिवसांचे शिक्षण, पेट्रोल, बदलीची मजुरी आणि सणाचा जादा पगार. मंडळात यावर दोन बैठका गेल्या. शेवटी मतपरिवर्तन झाले ते आदल्या वर्षीच्या पिस्टन-सिलिंडरचे बिल आणि बोटुकलीचे बिल शेजारी ठेवल्यावर.

काय केले

आधी नावाडी. पहारेकऱ्यांतल्या दोघांना मे महिन्यात बारा दिवस मशीनवर बसवले. मे निवडला कारण तेव्हा पाणी सर्वांत खाली असते. बुडालेल्या गावाची जोती, झाडांची खोडे, खडकांचे कणे उघडे पडतात. जे ऑगस्टमध्ये तीन-चार हात पाण्याखाली दडलेले असते ते तेव्हा डोळ्यांनी दिसते. दोघांनी ती ठिकाणे फोनच्या नकाशावर खुणा करून ठेवली.

शिक्षणात भर सुरुवातीच्या आणि अडल्या वेळेच्या कामांवर होता: मिश्रण मोजून करणे, तेही डब्यात वेगळे हलवून मगच टाकीत; मशीन सुरू होताच मागून थंड पाण्याची धार पडते का पाहणे, नसेल तर लगेच बंद; लाल दोरी मनगटाला अडकवल्याशिवाय दोर न ओढणे, म्हणजे माणूस पडला तर मशीन आपोआप थांबते; वाऱ्याच्या उलट दिशेने धक्क्याला लागणे. शेवटची परीक्षा अशी: रात्री, बॅटरीच्या उजेडात, हलत्या नावेत मशीन वर उचलून पंख्यातले जाळे कापायचे आणि पिन बदलायची. पंधरा मिनिटांत झाले तर पास. एकाला तिसऱ्या खेपेला जमले. तोपर्यंत त्याला नाव दिली नाही, आणि ते बरोबर होते.

पेटीत काय असेल याची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली: चार शिअर पिना, चार कॉटर पिना, दोन स्पार्क प्लग, प्लगपाना, पक्कड, धारदार कोयती, पेट्रोलचा जादा फिल्टर, मिश्रणाचे मापटे. तेलाचा डबा पेट्रोलच्या कॅनला दोरीने बांधला. एक घेताना दुसरा हातात यावाच म्हणून.

मग चार बदली पहारेकरी. इथे खरा पेच होता. पाणी ओळखणारी माणसे म्हणजे मासेमारी करणारीच, आणि त्यांचे चुलत-मावस भाऊ रात्री कुठे असतात हे त्यांना ठाऊक असते. बाहेरची माणसे घ्यावीत तर पोहता येत नाही. अध्यक्षांचा आग्रह होता की एकाही सभासदाच्या घरचा माणूस नको. सचिवांचे म्हणणे, मग माणूस मिळणारच नाही. मधला मार्ग निघाला: दोघे अलीकडच्या काठाचे, दोघे पलीकडच्या, अलीकडच्यांना पलीकडच्या फुगवट्यात, पलीकडच्यांना अलीकडे. आपल्या गावासमोर कुणीच नाही. चौघांचीही पोहण्याची चाचणी झाली. पाच धड जीवनरक्षक जॅकेट होती, आणखी पाच घेतली.

रजेची वाटणी हा सर्वांत नाजूक भाग, आणि त्यातला तोडगा कर्मचाऱ्यांमधूनच आला. कुणाच्या घरचा गणपती किती दिवसांचा, यावर तुकड्या पाडल्या. तिघांच्या घरी दीड दिवसाचा: त्यांना २६ ते २९ ऑगस्ट. चौघांच्या घरी गौरीबरोबर जाणारा: ३१ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर, कारण विसर्जन २ ला. दोघे अकरा दिवसांच्या मंडळाचे कार्यकर्ते. ते आणि दोघे मुसलमान कर्मचारी ५ ते ७ सप्टेंबर. जुन्या तीन नावाड्यांपैकी प्रत्येक तुकडीत एकच पडेल असे बसवले. म्हणजे कोणत्याही दिवशी निदान दोन जुने नावाडी हाताशी. स्वतःच्या घरच्या देवाच्या हिशेबाने रजा मिळाल्यामुळे "त्याला का, मला का नाही" हा वाद जवळपास उठलाच नाही. चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा हे चांगले ठरले असे आमचे ठाम मत आहे.

यादी जूनमध्ये धक्क्यावरच्या खोलीत लावली. अदलाबदलीला मुभा, पण नावाड्याची नावाड्याशीच आणि पहारेकऱ्याची पहारेकऱ्याशीच, तीन दिवस आधी वहीत दोघांच्या सहीने. जो सणाच्या दिवशी काम करेल त्याला दुप्पट रोज आणि एक बदली सुट्टी.

गस्तीची पद्धतही बदलली. जाळे बहुधा अंधार पडताना टाकतात आणि उजाडण्याआधी उचलतात. मधले चार-पाच तास नाव फिरवत राहणे म्हणजे पेट्रोल जाळणे. म्हणून दोन खेपा: संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ, पहाटे साडेतीन ते साडेसहा. खेपेत मशीन सतत चालवायचे नाही. एका टप्प्यावर जाऊन बंद करायचे आणि ऐकायचे. माशाला जाळ्याकडे हाकायला पाणी बडवतात, तो आवाज शांत पाण्यावर लांबून येतो. चालू मशीनवर तो कधीच ऐकू येत नाही. गौरी विसर्जनानंतर संध्याकाळी चांदणे असते, तेव्हा धाकटी नाव फक्त पहाटेच्या खेपेला. त्यामुळे रोजच्या आठ जागांच्या सहा झाल्या.

दोन नियम लेखी केले. धाकटी नाव दोघांशिवाय आणि मोठी तिघांशिवाय सुटणार नाही; नावाडी नसेल तर नाव बांधलेली राहील. आणि रात्री पाठलाग नाही, फक्त नोंद, फोटो आणि ११२ ला किंवा खात्याला फोन.

काय झाले

पहिल्या दोन रात्री फेरीची वेळ बाहेर फुटली. नाव निघण्याआधीच पलीकडच्या काठावरच्या बॅटऱ्या विझत होत्या. कुणी सांगितले ते शोधण्यात वेळ न घालवता सचिवांनी वेळच कुणाला आधी ठाऊक नसेल असे केले: बंद पाकिटात त्या रात्रीच्या दोन वेळा आणि दिशा, पाकीट सहा वाजता धक्क्यावर उघडायचे, तोवर फोन खोलीत. काही रात्री मध्यरात्रीची एक जादा खेप. तिसऱ्या रात्री नदीच्या तोंडाशी टायरच्या ट्यूबवर बसून जाळे टाकणारे दोघे दिसले, नाव पाहून काठाला लागले. चौथ्या रात्री गुळाच्या काहिलीतून आलेले तिघे. काहील पावसाळ्यात काठच्या गावांत होडीसारखी वापरतात, त्यामुळे तिच्यावरून माणूस ओळखणे कठीण. जाळी पाण्यातच राहिली. दुसऱ्या दिवशी खात्याचा कर्मचारी आल्यावर पंचनामा करून काढली.

३० ऑगस्टला नव्या नावाड्याने काळोखात एका जाळ्यावर नाव घातली. पंखा अडकला, पिन तुटली. त्याने आधी लाल दोरी ओढली, मग मशीन उचलले, जाळे कापले, पिन बसवली. नाव त्याच रात्री पुन्हा चालू झाली. आदल्या वर्षी ह्याच बिघाडाने दोन रात्री गेल्या होत्या.

२ सप्टेंबरला प्रशासनाने पुन्हा नाव मागितली. या वेळी सोसायटीने आधीच पत्र देऊन अट घातली होती: मोठी नाव, सोसायटीचाच नावाडी, सूर्यास्ताला परत, आणि त्या दिवसाचे पेट्रोल प्रशासनाचे. परत आली ती वेळेत. पेट्रोलचे बिल बरेच दिवस अडून राहिले.

५ आणि ६ सप्टेंबरला घडी विस्कटली. तिसरी तुकडी रजेवर, बदलीतल्या दोघांनी आयत्या वेळी मिरवणुकीचे कारण सांगितले, आणि एका नव्या नावाड्याला ताप भरला. ६ तारखेला जिल्ह्यातले पोलीस मिरवणुकीच्या बंदोबस्तात असतात, त्यामुळे फोन केला तरी मदत उशिराच येणार. कार्यकारी मंडळाने दुपारीच ठरवले की रात्री नाव सोडायची नाही; चौघांनी काठावरून दोन ठिकाणी बसून पाहायचे. एका संचालकाला हे पटले नव्हते. त्याच्या मते नेमकी तीच रात्र चोरीची. पण मदत येणार नसेल तेव्हा थकलेल्या माणसांना पाण्यात पाठवू नये, हा निर्णय योग्यच होता. सकाळी दोन बेवारस जाळी सापडली, मोठ्या आसाची. काय गेले ते कळायला मार्ग नाही.

वेगळे काय करता आले असते

यादी जूनमध्ये लावली ती उशीर झाला. पाडव्याला नवे पंचांग घरात येते, सणांच्या तारखा तेव्हाच कळतात. त्याच आठवड्यात लावली असती तर नातेवाइकांकडे दिलेले शब्द आणि रजा यांचा मेळ बसला असता.

चौघे बदली कमी पडले. शेवटच्या दोन दिवसांसाठी गणपती आणि ईद दोन्हींपासून मोकळी अशी किमान दोन माणसे आधी बोलून ठेवायला हवी होती. खानापूर तालुक्यात ख्रिस्ती कुटुंबे आहेत, तिथे चौकशी करण्याची सूचना नंतर आली.

नव्या नावाड्यांना नावाड्याचा रोज दिला नाही, पहारेकऱ्याचाच दिला. दोघांनी तक्रार केली नाही, पण त्यांतला एक गोव्यात बोटीवर काम शोधत होता. शिकवलेला हात असा जाणे हे मशीन जाम होण्यापेक्षा महाग आहे.

सर्वांत मोठी चूक बदली सुट्ट्यांची. सणात काम केलेल्या सात जणांच्या मिळून २१ सुट्ट्या साचल्या आणि त्या कधी संपवायच्या हे ठरवलेच नव्हते. सगळ्यांनी दिवाळीत मागितल्या, मग सौंदत्तीच्या यल्लम्माच्या मार्गशीर्ष पौर्णिमेला. उरलेल्या माघातल्या चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेवर जाऊन आदळणार हे डिसेंबरमध्ये दिसू लागले. एक महिन्यात घ्यायची, न घेतल्यास पैसे, एवढा एक नियम पुरला असता.

पुढच्या वर्षासाठी

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरवर गेली आहे, चौदस २५ सप्टेंबरला. ईद-ए-मिलाद मात्र ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात येते. म्हणजे तीन वर्षे बंद पडलेली अदलाबदल त्या वर्षी करता येईल, आणि दोघा मुसलमान कर्मचाऱ्यांनी चौदशीच्या दोन रात्री घेण्याची तयारी दाखवली आहे. त्यांच्या ईदच्या दोन पाळ्या कोण घेणार हे यादीत त्यांच्या नावासमोरच लिहायचे ठरले आहे. नावाड्यांच्या रोजाच्या फरकाचा प्रश्न मंडळाच्या बैठकीत अजून लटकलेला आहे.